भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या सोमवारी सकाळी, मीरा रोडच्या पूनम सागरमधल्या आमच्या इमारतीच्या आवारात शाळेची एक जुनी व्हॅन चालू झाली नाही. मुलं आत बसलेली होती. त्यांत माझी मुलगी होती. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचे लाल दिवे लागले, इंजिन हललं नाही.

व्हॅन चालवणाऱ्या बाई उत्तनच्या. मुलं त्यांना आंटी म्हणतात, म्हणून पालकही आंटीच म्हणतात. व्हॅन त्यांच्या स्वतःच्या मालकीची आहे आणि घर तिच्यावर चालतं. नवरा मासेमारीच्या बोटीवर जायचा, तो आता हयात नाही. व्हॅन अधूनमधून बंद पडण्याचा प्रकार पावसाळा संपल्यापासून सुरू होता. बॅटरी नवी घातली होती, स्टार्टर दोनदा उघडून झाला होता. सुट्टीआधी पालकांच्या ग्रुपवर ठरलं होतं की आणखी एकदा असं झालं तर मुलं शाळेच्या बसला लावायची. त्या सोमवारी ग्रुपवरचा पहिला मेसेज मुलं व्हॅनमधून उतरायच्या आत आला.

ती व्हॅन ज्यांच्यामुळे पुन्हा सुरू झाली त्यांना गाडी चालवता येत नव्हती. ते आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहत, सगळे त्यांना काका म्हणत. यंदा होळीच्या आठवड्यात त्यांचं निधन झालं.

त्यांची सगळी नोकरी टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात झाली. खांबावर ते कधी चढले नाहीत, हातात पकड कधी धरली नाही. लोक फोन करून सांगत, ते ऐकत, प्रश्न विचारत आणि बिघाड कुठे असेल ते लाइनमनला कळवत. निवृत्तीनंतर परळची खोली सोडून मीरा रोडला आले, पण कामाची पद्धत सोबत आली. दारावरची बेल वाजली की आतून आवाज यायचा, "बोला, काय बंद आहे?" दूधवाल्यालाही हाच प्रश्न. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, एकदा म्हणाल्या, डोकं दुखतंय. त्यांनी विचारलं, "कधीपासून? पूर्ण बंद, की अधूनमधून?"

"तुम्ही रिटायर झाल्यापासून," काकू म्हणाल्या. "पूर्ण."

इमारतीच्या आवारात त्यांच्या नावावर पार्किंगची एक जागा होती. वाहन नव्हतं. त्या जागेवर एक निळी प्लास्टिकची खुर्ची असायची, कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड केलेली. इमारतीतलं एखादं वाहन चालू झालं नाही की ते ढकलत त्या जागेवर आणायचं, असा रिवाज पडला होता. ते खाली यायचे, वाहनाकडे पाठ करून खुर्चीत बसायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "हं, बोला."

वाहनाकडे ते बघत नसत. याचं कारण नव्या माणसाला सांगावं लागायचं. ते म्हणायचे, "बघितलं की कळलं असं वाटतं. मी फोनवर कुणाची वायर बघितली होती?"

त्यांचे नियम होते आणि ते बदलत नसत. चावी मालकानेच फिरवायची. बाकीच्यांनी गप्प बसायचं. गाडीने काय केलं ते सांगायचं, आपल्याला काय वाटतं ते सांगायचं नाही. कुणी म्हणालं, "काका, बॅटरी गेली वाटतं," की ते म्हणत, "कारण तुमच्याकडे ठेवा. झालेलं मला द्या." हे वाक्य इमारतीत सगळ्यांना पाठ होतं. नवराबायकोच्या भांडणातही वापरलं जायचं.

ढकलून चालू करायला त्यांचा विरोध होता. आमच्याकडे गाडी बंद पडली की वॉचमनपासून इस्त्रीवाल्यापर्यंत चार माणसं मागे लागतात आणि "सेकंड डालो, सेकंड डालो" सुरू होतं. गाडी चालू होते, लोक हात झटकून निघून जातात. "धक्क्याने गाडी जाते," ते म्हणायचे. "बिघाड आत बसून जातो, सोबत."

मला त्यांचा अनुभव आला तो चेण्याजवळ. मी आईला घेऊन ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने परत येत होतो. गाडी वडिलांची, जुनी. नारळपाणी प्यायला थांबलो आणि परत चावी फिरवली तर काहीच झालं नाही. ऊन होतं. आई मागच्या सीटवर होती, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नव्हते. नारळवाला आणि दोन रिक्षावाले धक्क्याला तयार उभे राहिले. मी काकांना फोन लावला. फोनवर त्यांचा आवाज वेगळा होता, सरकारी आणि तरुण.

"हेडलाइट लावा. लागले?"

"हो."

"आता ते बघत बघत चावी फिरवा. दिवे काय करतात? मंद होतात, विझतात, की आहेत तसेच?"

मला एकट्याला दोन्ही जमेना. नारळवाला समोर जाऊन उभा राहिला. "वैसाच हाय साहेब," तो ओरडला.

"तसेच आहेत," मी म्हणालो.

"टक्क असा आवाज आला? एक, की बरेच?"

"एकही नाही."

"बरं. दिवे मंद होत नाहीत म्हणजे बॅटरी कामाला लागलेलीच नाही. तिला कुणी सांगितलंच नाही. लाइन जिवंत आहे, निरोप पोचत नाहीये. अर्धी गाडी वगळा. बॅटरी वगळा, पेट्रोल वगळा. स्टार्टरवर दोन वायरी जातात, एक जाड, एक बारीक. बारीक शोधा."

बारीक वायर तिच्या पिनेवरून निसटून लोंबत होती. रिक्षावाल्याने वाकून ती बसवली. गाडी चालू झाली. मी काकांना ते सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "तक्रार बंद करतो. आईंना सावलीत बसवलं होतंत ना?" मी बसवलं नव्हतं. आई पुढे कितीतरी दिवस सांगत होती की तिच्याविषयी फोनवर एकट्या त्यांनीच विचारलं.

ते चुकतही. पहिल्या मजल्यावरच्या एका गृहस्थांची जुनी स्कूटर एका रविवारी चालू होईना. किक बसत होती, इंजिन पेट घेत नव्हतं. काकांनी सकाळभर प्रश्न विचारले. प्लग काढून झाला, वायर तपासून झाली, किक मारून मालकाच्या पोटऱ्या भरून आल्या. शेवटी दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून काकू म्हणाल्या, "पेट्रोलचा कॉक उघडलाय का, ते विचारा."

कॉक बंद होता. आवारात सगळे हसले. काका हसले नाहीत. भिंतीकडे बघत ते म्हणाले, "आजची तक्रार काकूंनी बंद केली. नोंद घ्या." त्यानंतर कुठल्याही दुचाकीला त्यांचा पहिला प्रश्न कॉकचा असायचा, ज्या दुचाकीला कॉकच नसतो तिलाही.

त्या सोमवारी मुलांना रिक्षांनी शाळेत सोडलं आणि आंटींची व्हॅन काकांच्या जागेवर आणली. सोसायटीचे सेक्रेटरी हजर होते. त्यांचा नातू त्याच व्हॅनने जातो. बस लावावी असं म्हणणाऱ्यांत ते पुढे होते.

"काका, अब इसका कुछ नहीं होगा," ते म्हणाले. "तीन गॅरेजवाले थकले. तुम्ही तोंडाने काय करणार?"

"गप्प राहा," काका म्हणाले. "मग बघू. बोला, बाई."

आंटी ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या होत्या. दोन्ही हात स्टिअरिंगवर. "काय बोलू? चालू न्हाय होत."

"दिवे लावा. चावी फिरवा."

त्यांनी फिरवली. मी समोर उभा होतो. दिवे होते तसेच राहिले, इंजिनकडून एक बारीक टक्क आलं, नंतर काही नाही. मी तेवढंच सांगितलं.

"निरोप पोचला," काका म्हणाले. "पण काम झालं नाही. बाई, स्टार्टर आणि बॅटरी सोडून गाडीचं आणखी काय बदललंत? यावर्षी. जे आठवेल ते."

"टायर एक. आरसा. आन् ती रेसची केबल, ती दोनदा बदलली."

"दोनदा का? नको, का ते नको. काय झालं होतं?"

"अडकायची. घट्ट व्हायची. एकदा चावी फिरवून फिरवून कंटाळले, तवा हात लागला केबलला, तर चटका बसला."

काकांनी डोळे उघडले. भिंतीकडेच बघत होते. "चटका बसला, हे गॅरेजवाल्याला सांगितलंत?"

"त्यानं इचारलंच न्हाय."

मग त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं, भिंतीकडे तोंड करून. फोनला दोन तारा लागतात, एक जायची, एक यायची. गाडीतही तसंच. बॅटरीतून वीज स्टार्टरकडे जाते आणि इंजिनच्या लोखंडातून परत येते. इंजिन आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणारी एक वायर असते, अर्थची. ती तुटली की परतीचा रस्ता बंद. मग वीज मिळेल त्या आडवाटेने येऊ बघते, रेसच्या, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून. केबल तापते, काम होत नाही. "जाणारी वायर सगळे बघतात," ते म्हणाले. "परतीची कुणी बघत नाही."

माझ्या गाडीत जंपर केबल होती. त्यांनी सांगितलं तसं मी एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावलं. आंटींनी चावी फिरवली आणि व्हॅन लगेच चालू झाली.

बेव्हर्ली पार्ककडचा गॅरेजवाला दुपारी आला. अर्थची वायर वरून काळी, धड दिसत होती. त्याने ती कापली तेव्हा रबराच्या आत तार नव्हती, हिरवी भुकटी होती. नवी वायर बसवून तो गेला. सेक्रेटरी म्हणाले, "चलो, झालं." काका म्हणाले, "नाही झालं. वायर कशाने खाल्ली ते कळलेलं नाही. तुम्ही जा, उशीर होतोय."

सेक्रेटरी गेले. मी जंपर केबल गुंडाळत होतो, म्हणून पुढचं मला ऐकू आलं.

"गाडी धुता का, बाई?"

"रोज. मुलं बसतात ना."

"कुठल्या पाण्याने?"

"इहिरीच्या."

"गोड आहे?"

"गोड कुठलं. दर्या तिथं समोर हाय. मचूळच हाय आमचं पानी."

"सीट उचलून धुता?"

त्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे. सीट उचलल्याशिवाय त्यावर पाणी पडत नाही.

"सीट उचलून पन धुते."

"सीटखाली कशाला? तिथे मुलं बसत नाहीत."

आंटींनी माझ्याकडे बघितलं. काकांची पाठ होती, तरी त्यांनी विचारलं, "कोण थांबलंय?"

"हे हायत. तिसऱ्या माळ्यावरचे."

"ते वर्तमानपत्रात आहेत," काका म्हणाले. "छापायचं नसेल तर सांगावं लागतं. सांगून टाका."

"छापू नका," आंटी मला म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं.

मागच्या वर्षी व्हॅनला मासळीचा वास येतो, अशी पालकांची तक्रार आली होती. तेव्हा त्यांनी शब्द दिला होता की व्हॅनमध्ये मासळी नेणार नाही. तो पाळलाही. यंदा नारळी पौर्णिमेच्या सुमारास त्यांच्या भावाचा पाय मोडला. भावाचा टेंपो उभा राहिला. त्याच्या मासळीच्या टोपल्या पहाटे भाईंदरच्या बाजारात पोचवायला दुसरं कुणी नव्हतं. आंटी त्या टोपल्या व्हॅनमध्ये घालत, बाजारात उतरवत, घरी परत येत, विहिरीवर सगळी गाडी आतून बाहेरून धूत आणि मग मुलांच्या फेरीला निघत. टोपलीचं पाणी सीटखाली उतरायचं. वास तिथूनच यायचा, म्हणून तिथे जास्त पाणी मारत. पाणी मचूळ.

"वास जावा म्हनून धुतली," त्या म्हणाल्या. "आन् धुतली म्हनून बंद पडली. माझ्याच हातानं."

"शब्द मोडल्याचं माझ्या तक्रारीत बसत नाही," काका म्हणाले. "खारं पाणी बसतं. भावाचा पाय कधी बरा होईल?"

"डॉक्टर म्हनतो, नाताळापर्यंत."

"ठीक आहे."

पालकांची बैठक त्या रविवारी आवारातच झाली. बस की व्हॅन, एवढाच विषय होता. आंटी गेटजवळ, व्हॅनला टेकून उभ्या होत्या. काकांना काय झालं ते सांगायला बोलावलं होतं. ते आपल्या खुर्चीत बसले, लोकांकडे पाठ करून. कुणीतरी म्हणालं, "काका, इकडे तोंड करा." त्यांनी केलं नाही.

"अर्थची वायर खाऱ्या पाण्याने कुजली होती," ते म्हणाले. "नवी घातली. आठवडाभर गाडी रोज चालू झाली आहे."

"पुन्हा कुजली तर?" सेक्रेटरींनी विचारलं.

"विहिरीच्या पाण्याने धुतली तर कुजेल. म्हणून उद्यापासून सकाळी मुलांना घ्यायच्या आधी ती इथे धुतली जाईल. माझ्या जागेवर, माझ्या पाण्याने."

आवारात कुजबुज झाली. आमच्याकडे पाण्याला वेळ आहे आणि अधूनमधून टँकर मागवावा लागतो. "टँकरचं पाणी गाडीला?" सेक्रेटरी म्हणाले. "काका, मेंबरांना पाणी पुरत नाही."

"मेंबरांचं नाही. माझ्या आंघोळीची बादली. मी एक दिवसाआड आंघोळ करीन."

"करतातच तशीही," काकू खिडकीतून म्हणाल्या.

हसू ओसरल्यावर सेक्रेटरींनी विचारलं, "पण गाडी रोज धुवायची गरजच काय? आठवड्यातून एकदा धुवा ना. असं काय असतं त्या गाडीत?"

आंटी व्हॅनपासून सरळ उभ्या राहिल्या. त्यांनी तोंड उघडलेलं मी बघितलं.

त्याआधी काका बोलले. "कारण मी विचारत नाही," ते म्हणाले. "इतकी वर्षं नाही विचारलं. गाडीने काय केलं ते तुम्हाला सांगितलं. पुढे कुणाला काही विचारायचंय का, गाडीबद्दल?"

कुणी विचारलं नाही. हात वर करून मत घेतलं. नाताळच्या सुट्टीपर्यंत व्हॅन ठेवायची, एकदाही बंद पडली तर बस, असं ठरलं.

दुसऱ्या दिवसापासून काका सकाळी बादली घेऊन दोन मजले उतरायचे. इमारतीला लिफ्ट नाही. बादली अर्धी भरलेली असायची, कारण पूर्ण भरलेली त्यांना पेलत नव्हती, त्यामुळे दोनदा उतरायचे. आंटी सीट उचलून पुसायच्या. ते खुर्चीत, भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि विचारायचे, "बोला, आज काय केलं तिने?"

"पहिल्या चावीला चालू झाली."

"बरं."

व्हॅन नाताळपर्यंत बंद पडली नाही. भावाचा टेंपो जानेवारीत रस्त्यावर आला आणि टोपल्या थांबल्या. बसचा विषय ग्रुपवर पुन्हा निघाला नाही. माझी मुलगी उरलेलं वर्ष त्याच व्हॅनने, वेळेवर शाळेत गेली. ही गोष्ट माझ्यापुरती काकांच्या नावावर आहे. चेण्याजवळची दुपारही.

टोपल्या थांबल्यावरही बादली थांबली नाही. आंटींनी सांगून बघितलं. "मचूळ पाणी अजून आहे ना तुमच्याकडे?" ते म्हणाले. "मग तक्रार चालू आहे."

होळीच्या आठवड्यात ते झोपेत गेले. सकाळी काकूंना कळलं. त्या दिवशी आंटी मुलांना सोडून परत आल्या आणि व्हॅन काकांच्या जागेवर लावून दुपारपर्यंत थांबल्या. अंत्ययात्रेला आलेल्यांत आंटींचा भाऊही होता, काठी घेऊन.

काकूंचे गुडघे जिना उतरू देत नाहीत. तरीही दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरच्या दाराबाहेर बादली भरून ठेवलेली दिसली. खाली कुणी न्यायची, हे कुणी ठरवलेलं नव्हतं. खाली जाणारा नेतो. मी नेतो, पहिल्या मजल्यावरचे स्कूटरवाले नेतात.

हे लिहिण्याआधी मी आंटींना विचारलं. "लिवा," त्या म्हणाल्या. "आता भाऊ बरा हाय. आन् नाव नका टाकू."

सेक्रेटरींनाही विचारलं, कारण त्यांच्या बोलण्याचा उल्लेख येणार होता. मासळीची गोष्ट त्यांना सांगावी लागली. ती त्यांना ठाऊक होती.

"बैठकीच्या आधीपासून मालूम था," ते म्हणाले. "नातवाच्या मोज्याला खवलं चिकटलेलं होतं. आमच्या घरी मासे येत नाहीत. मग कुठून आलं?"

"मग सगळ्यांसमोर विचारलंत कशाला?"

"काका सांगतात का, बघत होतो. सांगितलं असतं ना, तर मी बस लावली असती. खोटं बोलले असते तरी लावली असती."

पार्किंगची जागा काकूंच्या नावावर झाली आहे. खुर्ची तिथेच आहे, भिंतीकडे तोंड केलेली. काल सकाळी बादली सेक्रेटरींनी खाली आणली, पूर्ण भरलेली. आंटींनी सीट पुसली, चावी फिरवली. व्हॅन पहिल्या चावीला चालू झाली.